ब्लॉकचेन नोड : हार्डवेअर आणि चालवायचा खर्च

ब्लॉकचेनच्या नोंदवहीची स्वतःची प्रत ठेवणारा, आलेला प्रत्येक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) नियमात बसतो का ते स्वतः तपासणारा आणि पुढच्यांना पाठवणारा कॉम्प्युटर म्हणजे नोड. 'सर्व्हर' म्हटलं की लोकांना मोठं कपाट डोळ्यासमोर येतं, पण बिटकॉइनपुरतं जुन्या लॅपटॉपवरही भागतं. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) नोडसाठी मशीन बघायला गेलं की विषय आधी ग्राफिक्स कार्डावरच जातो. ते माइनिंगचं, म्हणजे गणिती कोडं सोडवून नवा ब्लॉक बनवायचं आणि नाणी मिळवायचं, सामान आहे, नोडला त्याचा काही उपयोग नाही. हा घोळ मात्र दुकानदाराचा नाही, तो मुळातूनच आलेला आहे.

सातोशी नाकामोतो या नावाने ऑक्टोबर २००८ च्या शेवटी बिटकॉइनचा जो पेपर (शोधनिबंध) आला त्यात व्यवहार गोळा करणं, प्रूफ ऑफ वर्क (त्या कोड्याचं उत्तर) शोधणं, ब्लॉक तपासणं ही सगळी कामं एकाच नोडच्या अंगावर आहेत. तेव्हा घरचा सीपीयू पुरायचा. साधारण २०१० पासून ग्राफिक्स कार्डं आली, त्याच सुमारास पूल (अनेकांनी मिळून माइनिंग), मग २०१३ च्या आसपास एसिक (फक्त माइनिंगसाठीच्या चिपची) मशीनं, आणि माइनिंग वेगळं पडून नुसता तपासणारा मागं राहिला, त्यालाच आता फुल नोड म्हणतात. मोठ्या ब्लॉकवाले (ब्लॉकचा आकार वाढवा म्हणणारे) अजूनही म्हणतात की माइनिंग न करणारा तो नोडच नाही. दुसरी बाजू म्हणते की कोणते नियम चालणार हे तपासणाऱ्याच्या हातात असतं. पेपरातले शब्द धरले तर पहिल्यांचं म्हणणं टिकतं, पण २०१७ मध्ये जे झालं (१ ऑगस्टला मोठ्या ब्लॉकवाल्यांचं बिटकॉइन कॅश वेगळं निघालं, त्याच महिन्यात मूळ चेनवर सेगविट, म्हणजे नोडवाल्यांनी रेटलेला, ब्लॉकची मर्यादा न मोडता जास्त व्यवहार बसवणारा बदल, लागू झालं) ते बघता दुसऱ्यांचं पारडं जड वाटतं. आणि ते भांडण मुळात हार्डवेअरच्या खर्चाचंच होतं ना : ब्लॉक मोठा केला तर डिस्क मोठी, नेट जास्त, म्हणजे घरी नोड चालवणारे कमी. पेपरातला वर्षाला ४.२ एमबीचा हिशोब या वादात नेहमी पुढे करतात, पण तो ८० बाइटच्या नुसत्या हेडरचा (ब्लॉकच्या वरच्या छोट्या नोंदीचा) आहे, अख्ख्या चेनचा नाही.

अख्खी बिटकॉइन चेन आता ६०० जीबीच्या वर गेलीय, त्यामुळे १ टीबीची एसएसडी घ्यावी, रॅम ८ जीबी असली की झालं. साधी हार्ड डिस्क लावली तर सुरुवातीचं सिंक (अख्खी चेन उतरवून तपासणं) आठवडेच्या आठवडे चालतं, कारण प्रत्येक व्यवहारासाठी न खर्चलेल्या नाण्यांच्या यादीत इकडून तिकडून शोधाशोध करावी लागते आणि तिथं फिरणाऱ्या डिस्कचा दम निघतो. जागा नसेल तर प्रूनिंग करता येतं, ब्लॉकसाठी किमान ५५० एमबी ठेवून जुने ब्लॉक पुसत जायचे. पण डाउनलोड मात्र एकदा पूर्ण करावंच लागतं.

इथेरियम या दुसऱ्या मोठ्या चेनचं गणित वेगळं. १५ सप्टेंबर २०२२ च्या मर्जनंतर (माइनिंग सोडून स्टेकिंगवर, म्हणजे नाणी अडकवून ब्लॉक बनवण्यावर, गेल्यावर) दोन प्रोग्रॅम सोबत चालवावे लागतात, एक्झिक्युशनचा, म्हणजे व्यवहार चालवणारा (गेथ, नेदरमाइंड वगैरे) आणि कन्सेन्ससचा, म्हणजे कोणता ब्लॉक धरायचा ते ठरवणारा (लाइटहाउस, प्रिझम वगैरे). १६ ते ३२ जीबी रॅम आणि निदान २ टीबीची एनव्हीएमई (जास्त वेगाची एसएसडी) लागते, त्यातही स्वस्तातली डीरॅम (स्वतःची छोटी मेमरी) नसलेली एसएसडी घेतली तर सिंक कधी कधी चेनच्या मागेच पळत राहतं. व्हॅलिडेटर (ब्लॉक बनवणारा आणि त्यावर मत देणारा) व्हायचं तर किमान ३२ ईथर (इथेरियमचं नाणं) अडकवावे लागतात, त्यापुढं मशीनची किंमत किरकोळच. सोलाना ही तिसरी चेन घरचं काम नाही : निदान २५६ जीबी रॅम, १ जीबीपीएस नेट, शिवाय व्हॅलिडेटरला ब्लॉकवर द्याव्या लागणाऱ्या मतांच्या फीपोटी दिवसाला साधारण १ सोलपर्यंत (सोल हे तिचं नाणं) खर्च. भाड्याच्या सर्व्हरचाही भरवसा नाही, नोव्हेंबर २०२२ मध्ये हेट्झ्नर या जर्मन कंपनीने आपल्याकडचे सोलाना नोड बंद केले होते.

विजेचा हिशोब सोपा आहे. ३० वॅटचा मिनी पीसी २४ तास चालला तर महिन्याला २१.६ युनिट, १०० वॅटचा जुना डेस्कटॉप ७२ युनिट. महावितरणचं बिल स्लॅबने चढतं आणि मे महिन्यात कूलर-एसीमुळे घर आधीच ३०० युनिटच्या पुढं गेलेलं असतं, म्हणून तेच ७२ युनिट हिवाळ्यापेक्षा महाग पडतात. नागपूरचं तापमान २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेलं होतं (मे २०२४ मधले ५६ अंश सेन्सरच्या चुकीचे निघाले, ते धरू नयेत). मे अखेरच्या नवतप्यात बंद खोलीत ठेवलेली एनव्हीएमई तापून स्वतःचा वेग कमी करते, मग नोड मागं पडतो. काही जण मशीन कूलरच्या झोतासमोर ठेवतात, तसं करू नये, ती हवा ओली असते आणि तिच्यासोबत धूळही येते.

कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं हाकेच्या अंतरावर असली तरी वादळात लाइट जातेच. डिस्कवर लिहिणं चालू असताना मशीन बंद पडलं की डेटाबेस बिघडू शकतो आणि पुन्हा इंडेक्स करण्यात दिवस जातात. इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवावं. नेटच्या बाबतीत 'अनलिमिटेड' प्लॅनची ३३०० जीबीची मर्यादा बिटकॉइनला सहज पुरते, खरी अडचण सीजीनॅटची, म्हणजे एकच आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. त्यामुळे बाहेरून बिटकॉइनच्या ८३३३ पोर्टवर कोणी येऊ शकत नाही. नोड तरी चालतो, स्वतः बाहेर जोडण्या करून, पण दुसऱ्यांना त्याचा उपयोग कमी. स्टॅटिक (फक्त आपला, न बदलणारा) आयपी घ्या नाहीतर टॉर (पत्ता लपवून जोडणारं नेटवर्क) वापरा.

कमाईचं म्हणाल तर बिटकॉइनचा नुसता नोड एक पैसा देत नाही. ज्यांना माइनिंग किंवा स्टेकिंगमधून नाणी मिळतात त्यांनाही १ एप्रिल २०२२ पासून नाणी विकताना झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही, म्हणजे वीज, एसएसडी, यूपीएस सगळं खिशातूनच.

विदर्भात सरकारी वापराचं ठळक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीचं, तिथं २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांच्या नोंदी पॉलिगॉन या सार्वजनिक चेनवर टाकल्या गेल्या. अशा वापरात दाखला तपासणाऱ्या कार्यालयाला स्वतःचा नोड ठेवावा लागत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी नोडला विचारून काम होतं.