वाफसा आल्याशिवाय बटाट्याचं बेणं आणि कांद्याचं रोप नेऊ नका

शेतकरी बंधू-भगिनींनो,

मृगाचा पाऊस झाला की आमच्या बेणं-रोपांच्या दुकानात एकच प्रश्न सुरू होतो, "बेणं कधी नेऊ?" वीस-पंचवीस दिवसांनी दुसरा येतो, "उगवण तुटक का झाली?" हस्ताच्या पावसानंतर हेच पुन्हा, त्यात कांद्याच्या रोपाची भर. दोन्ही प्रश्नांचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: वाफसा, म्हणजे पाणी मुरून माती ना चिखल ना कोरडी, अशी कामाजोगी होणं. म्हणून हे पत्रक छापून ठेवलं आहे. बटाटा-कांदा कसा लावायचा हे मंचर-खेड भागात कुणाला शिकवायची गरज नाही. सातगाव पठारावर पावसाच्या पाण्यावर बटाटा काढणारी घरं आमच्यापेक्षा जास्त जाणतात. आम्ही फक्त एका चुकीबद्दल लिहितो आहोत: रान ओलं असताना केलेली लागण, म्हणजे लागवड.

घाई का होते ते आम्हाला कळतं. ट्रॅक्टर सांगून ठेवलेला असतो, मजुरांची टोळी ठरलेली असते, शेजाऱ्याची लागण उरकलेली असते आणि आभाळ पुन्हा भरून आलेलं असतं. पण चार दिवस थांबल्यानं जेवढं नुकसान होतं, त्याच्या कितीतरी पट नुकसान चिखलात लागण केल्यानं होतं.

वाफसा वरून बघून ठरवू नका. वरची माती उन्हानं पांढरी पडते आणि चार बोटं खाली चिखल असतो. रानातली सगळ्यात सखल जागा निवडा, बांधाकडेची नको. बेणं जिथे पडणार आहे तेवढ्या खोलीवरची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आला. नुसता चपटा होऊन बसला, किंवा गोळ्यावर बोटांचे चकचकीत ठसे उठले, तर अजून थांबा. मुरमाड, हलक्या रानात पाऊस उघडल्यावर दोन दिवसांत काम होतं. काळ्या रानात पाच-सहा दिवस, कधी आठवडाही लागतो, आणि तिथे आलेला वाफसा निघूनही लवकर जातो. म्हणून काळ्या रानाच्या लोकांनी रोज सकाळी मूठ दाबून बघावी.

ओल्यात रोटर फिरवला की वर माती छान दिसते, पण पात्यांच्या खाली पत्र्यासारखा थर बसतो. पुढचा पाऊस त्या थरावर साचतो आणि रान चिबडतं. जी ढेकळं होतात ती काढणीपर्यंत फुटत नाहीत. वेडेवाकडे बटाटे आणि एका बाजूनं दबलेले कांदे निघाले की लोक वाणाला दोष देतात. आमच्या बघण्यात तो दोष बऱ्याचदा त्या पहिल्या दिवसाच्या मशागतीचा असतो.

आता बेण्याकडे येऊ. बटाटा जिवंत असतो, जमिनीत गेल्यावरही तो श्वास घेतो. माती पाण्यानं गच्च भरली की तिच्यातली हवा निघून जाते, आणि बटाट्याच्या सालीभोवती पाण्याचा पातळ थर राहिला तरी काही तासांतच त्याला प्राणवायू मिळेनासा होतो. मऊ कूज करणारे जिवाणू चांगल्या बेण्याच्या सालीवरही असतात. कोरड्यात ते गप्प बसतात, गुदमरलेल्या बटाट्यात ते वाढतात. म्हणून एकाच गाडीतलं, एकाच वाणाचं बेणं एका रानात नव्वद टक्के उगवतं आणि शेजारच्या रानात उकरल्यावर पाणचट, वास मारणारं निघतं. बेणं सडलं की "तुमचं बेणंच खराब होतं" असं ऐकावं लागतं. आम्ही भांडत नाही, पण एवढं सांगतो की आधी त्या रानाचा वाफसा आठवून बघा.

दुसरी गोष्ट आमच्या एका नियमाबद्दल, ज्यावर नाराजी होते. शीतगृहातून आलेली पिशवी आम्ही त्याच दिवशी देत नाही. तिथे बेणं 2 ते 4 अंशांवर असतं. बाहेरच्या दमट हवेत आणलं की त्याला घाम फुटतो, हात लावला तर ओलं लागतं. असं गार, ओलं बेणं तसंच ओल्या मातीत गेलं तर कुजायला निमित्त लागत नाही. आम्ही ते आठ-दहा दिवस सावलीत, वारं खेळेल अशा जागी पातळ पसरून ठेवतो. साल कोरडी होते, डोळे जागे होतात, आखूड आणि जाड कोंब फुटतात. मग निवड करून 30 ते 50 ग्रॅमचे, म्हणजे साधारण कोंबडीच्या अंड्याएवढे, बटाटे पिशवीत भरतो. या कामाला जागा आणि माणसं लागतात. पिशवीमागे आमचा दर थोडा जास्त दिसतो तो यामुळे.

खरीपात बेणं कापू नका. अख्खं लावा. कापलेल्या तोंडावर सुकी खपली धरेपर्यंत त्याचं रक्षण करायला काही नसतं, आणि जून-जुलैच्या ओल्या, उबदार मातीत तेवढा वेळ मिळत नाही. रब्बीत मोठं बेणं कापायचं असेल तर प्रत्येक फोडीला दोन तरी डोळे ठेवा, विळी अधूनमधून निर्जंतुक करा आणि फोडी दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. लागण वरंब्यावर करा. पाणी देताना वरंबा बुडता कामा नये.

कांद्याचं सांगितलं की लगेच कुणीतरी म्हणतं, "कांदा तर आम्ही वाफ्यात पाणी सोडूनच लावतो, मग वाफसा कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण ते पाणी तुम्ही वाफशावर भुसभुशीत केलेल्या वाफ्यात सोडता, ते मुरून जातं. पावसानं भिजलेल्या रानातच वाफे पाडले तर पाणी जायला वाट उरत नाही. त्या चिखलात अंगठ्यानं दाबलेलं रोप खोल जातं, मुळं वर वळतात, मान गाडली जाते, आणि कांदा गोल न भरता लांबुळका होतो. जमेल त्यांनी गादीवाफे करावेत: 15 सेंटिमीटर उंच, 120 सेंटिमीटर रुंद, मध्ये 45 सेंटिमीटरची सरी. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. रोपवाटिकाही गादीवाफ्यावरच करा, शेणखतात ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून. सपाट वाफ्यात पाणी तुंबलं की मर (रोपं कोलमडून मरण्याचा रोग) लागते आणि दोन रात्रींत ठिगळं पडतात. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या अवकाळीनंतर आमच्याकडे रोपं मागायला जी गर्दी झाली, त्यात सपाट वाफ्यांवाले जास्त होते.

थांबायचं म्हटलं की रोप जुनं होतं, ही अडचण खरी आहे. खरीपाचं रोप 40-45 दिवसांचं, रब्बीचं 50-55 दिवसांचं बरं. फार वाढलेलं रोप थंडीत सापडलं की डेंगळे (फुलांचे दांडे) जास्त येतात. उपाय सोपा आहे: सगळं बी एकाच दिवशी टाकू नका. एकरी तीन किलो बी आणि दोन गुंठे रोपवाटिका लागते, त्याचे आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन भाग करा. यासाठी आम्ही अर्ध्या किलोची पाकिटंही ठेवतो. लावताना रोपाचा शेंडा एक तृतीयांश कापा.

तारखांचं थोडक्यात. खरीप बटाटा जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. रब्बी बटाटा ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरभर. कांद्याच्या लावणी: खरीप जुलै-ऑगस्ट, रांगडा (खरीप आणि रब्बीच्या मधला) सप्टेंबर-ऑक्टोबर, उन्हाळ (रब्बी) डिसेंबर ते जानेवारीचा पहिला पंधरवडा. खरीपाला भीमा सुपर, रांगड्याला भीमा शक्ती, उन्हाळला भीमा किरण किंवा एन-2-4-1 हे वाण घ्या. उन्हाळचं उरलेलं बी खरीपात टाकू नका.

आमच्याकडून काय मिळेल तेही लिहून ठेवतो. बुकिंग केलेलं बेणं तुमच्या ठरल्या दिवसानंतर आठ दिवस आम्ही पैसे न घेता सांभाळतो. पावसामुळे लागण पुढे गेली तर फक्त एक फोन करा. रोपं आदल्या संध्याकाळी तुमचा होकार आल्यावरच उपटतो, कारण उपटलेलं रोप परत घेता येत नाही. नेताना प्रत्येक पिशवीतले तीन बटाटे तुमच्यासमोर कापतो. आत तपकिरी बांगडी दिसली तर ती पिशवी देत नाही. वाफशावर लावूनही उगवण कमी झाली, तर पंधरा-वीस दिवसांत कळवा. आम्ही रानात येतो, तुमच्यासमोर उकरून बघतो, आणि बेण्याचा दोष निघाला तर नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरायला बेणं देतो.

आणि बेणं न्यायला येताना रानातल्या सखल जागेची, चार बोटं खालची मूठभर माती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणा. शंका असेल तर गोळा करून आपण दुकानातच टाकून बघू.