फिशफाइंडरवर ५० लावायचे की २००?

फिशफाइंडर म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे दाखवणारे यंत्र. बऱ्याच फिशफाइंडरमध्ये ५० आणि २०० किलोहर्ट्झ असे दोन पर्याय असतात. आकडा मोठा म्हणजे जोर जास्त, म्हणजे खोलही जास्त जाणार, असा समज हमखास होतो. पण जोर वॅटमध्ये मोजतात. हा आकडा आवाजाच्या वारंवारतेचा आहे. खाऱ्या पाण्यात २०० चा आवाज ५० पेक्षा कितीतरी लवकर शोषला जातो. ६०० वॅटच्या यंत्रावर २०० साधारण दीडशे-दोनशे मीटरपर्यंत भरवशाचा. ५० त्याच्या दुपटीहून खोल तळही दाखवतो.

मग कायम ५० वरच का ठेवू नये? कारण आवाजाचा शंकू. त्याच ट्रान्सड्यूसरमधून (आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागातून) ५० चा शंकू साधारण ४५ अंशांचा पसरतो, २०० चा १२ अंशांचा. ४० मीटर, म्हणजे सुमारे २२ वाव पाण्यात ५० तळाचा ३३ मीटर रुंद पट्टा एकदम ऐकतो, २०० जेमतेम साडेआठ मीटरचा. रुंद पट्ट्यात थवा लवकर सापडतो, हे खरे. पण यंत्राला फक्त अंतर कळते, दिशा नाही. त्यामुळे शंकूच्या कडेला, तळापासून ३ मीटरच्या आत असलेला मासा ५० वर तळाच्या रेषेतच मिसळतो. २०० वर ही आंधळी जागा २०-२५ सेंटिमीटरची. तळालगतच्या मासळीसाठी हा फरक निर्णायक आहे. उतारावर किंवा खडकाशेजारी तर ५० बाजूचा उंचवटाच आधी ऐकतो आणि खोली प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो.

माशाचा प्रतिध्वनी मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे येतो. बोंबलाला ती पिशवीच नसते, म्हणून त्याची खूण त्याच्या आकाराच्या मानाने फिकी पडते. जवळ्याचे शरीर ५० च्या ३ सेंटिमीटर लहरीपुढे फारच बारीक. साडेसात मिलिमीटर लहरीच्या २०० वर त्याचा थर ढगासारखा उमटतो. तो 'कचरा' समजून गेन (यंत्राची संवेदनशीलता) उतरवू नका.

चिखलाच्या तळावर दोन्हींचे आकडे जुळले नाहीत, तर यंत्र बिघडले असे धरू नका. २०० पातळ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परततो, ५० थोडा आत शिरून घट्ट थर गाठतो. खडकावर मात्र दुप्पट खोलीवर तळाची दुसरी रेषा दिसू लागते, ती कठीण तळाची खूण.

आपल्याकडे किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात २०० च लावून ठेवा. शंभर मीटरपुढे, तळाची रेषा तुटायला लागली की आधी गेन वाढवून बघा, मगच ५० वर जा. वेग वाढवताच दोन्हींवरचे चित्र गायब होत असेल, तर वारंवारता बदलून उपयोग नाही: ट्रान्सड्यूसरखाली बुडबुडे येत आहेत, त्याची जागाच बदलावी लागेल.