कोल्हापूर जिल्ह्यातले रानहत्ती आणि सरकारी संवर्धन

चंदगड आणि आजरा तालुक्यांत, थोडंफार भुदरगडकडंही, कर्नाटकातून येणाऱ्या जंगली हत्तींसाठी आणि त्यांच्या रानासाठी सरकार जे काही करतं त्याची ही नोंद. हे हत्ती 2002 च्या आसपास दांडेली-खानापूरकडच्या जंगलातून इकडं आले, त्याच सुमारास घाटाखाली सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातपण उतरले, आणि तेव्हापासून तिलारीचं खोरं, चंदगडचं रान, आजऱ्याचा चाळोबा डोंगर असं त्यांचं फिरणं चालूच आहे. वीस वर्षांहून जास्त ये-जा करणारं जनावर आता पाहुणं राहिलेलं नाही, तरी बराचसा जोर अजून त्याला हाकलण्यावरच जातो, खरी अडचण तिथं आहे.

कायद्याची बाजू भक्कम आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत हत्ती आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. केंद्राचा प्रोजेक्ट एलिफंट 1992 ला सुरू झाला, त्यातून राज्यांना पैसा आणि तांत्रिक मदत मिळते, आणि 2010 ला हत्ती राष्ट्रीय वारसा प्राणी झाला. 2025 मध्ये जाहीर झालेल्या, लिदीतल्या डीएनएवरून केलेल्या गणनेत देशात साधारण 22,446 हत्ती धरलेत, त्यातले निम्म्याहून जास्त पश्चिम घाटात, एकट्या कर्नाटकात सहा हजारांच्या वर. आपल्याकडं येतात ते त्याच साखळीचं उत्तरेकडचं टोक.



रानासाठी झालेलं मोठं काम म्हणजे डिसेंबर 2020 मध्ये राज्यानं मंजूर केलेली संवर्धन राखीव क्षेत्रं, त्यात चंदगड आणि आजरा-भुदरगड दोन्ही आहेत, प्रत्येकी दोनशे चौरस किलोमीटरच्या वर. दोडामार्गच्या बाजूला तिलारीचंपण आहे. पण राखीव क्षेत्र सरकारी जमिनीवरच होतं, आणि दोन जंगलांच्या मधे जे मालकी रान, काजूच्या बागा, उसाचे फड आहेत तिथूनच हत्तीची वाट जाते, ती वाट मोकळी राहायची तर महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा तिघांनी एकत्र बसायला पाहिजे, नाहीतर एकानं फटाके लावून पलीकडं ढकलायचं आणि दुसऱ्यानं परत इकडं, यात हत्ती आणखी बिथरतो. पकडून न्यायचा उपाय 2015 ला कुडाळच्या माणगाव खोऱ्यात करून झालाय, कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आणून तीन रानहत्ती धरले, पण त्यातले सगळेच जगले नाहीत.

गावात संवर्धन दिसतं ते पंचनाम्याच्या रूपात. रात्री टस्कर, म्हणजे सुळेवाला नर हत्ती, फडात शिरला की तो नुसता खात नाही, ऊस आडवा होतो, केळीचा बुंधा फाडून आतला गाभा काढलेला असतो, पाण्याची पाईप फुटलेली असते. सकाळी शेतकरी वनरक्षकाला फोन करतो, मग कृषी सहायक आणि तलाठी यायची वाट बघायची, ठसे आणि लीद दाखवायची, सातबारा जोडायचा. वनखात्याची माणसं रात्ररात्र जागून हत्ती कुठं आहे ते गावाला कळवतात, हे काम फार मोलाचं आहे आणि त्याचं कौतुक कमीच होतं. चर खणणं, सौर कुंपण, मिरचीचा धूर हेपण चालतं, पण चर पावसात बुजतो आणि कुंपणाखालचं गवत कापलं नाही तर करंट उतरतो.

हत्तीच्या हल्ल्यात माणूस दगावला तर 2023 पासून वारसांना 25 लाख मिळतात. पिकाची भरपाईपण आहे, झाडागणिक वेगळी. पण माड मोडला तर नवा लावून नारळ धरेपर्यंत पाच-सात वर्षं जातात, ती मधली वर्षं भरपाईत धरली पाहिजेत.