उंट वाळवंटात आला कुठून?

उंट पाणी कुठे साठवतो, असं शाळेत विचारलं की अजूनही वर्गातून उत्तर येतं : मदारीत. ही चूक फार जुनी आहे. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं की उंट चार दिवस तहान काढतो आणि पाणी मिळालं की मागची भरपाई आणि पुढची बेगमी एकदमच करून घेतो. पुढे ही बेगमी कुणी पोटात मानली, कुणी मदारीत. सांडणीस्वारांकरवी खलिते धाडणाऱ्या मराठी राज्यालाही उंटाची चिकाटी चांगली ठाऊक होती. ती येते कुठून, हे मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फारसं कुणी मोजून पाहिलं नव्हतं.

नॉर्वेत जन्मलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन यांनी ते मोजलं. १९५३-५४ मध्ये पत्नी बोदिल आणि सहकाऱ्यांसह ते अल्जीरियाच्या सहारातल्या बेनी अब्बास या मरुद्यानात मुक्कामाला राहिले. मदारीत चरबी असते, पाणी नसतं. चरबी जळताना पाणी तयार होतं खरं, पण ती जाळायला लागणारा प्राणवायू आत घेताना श्वासावाटे त्याहून जास्त पाणी उडून जातं. पोटातही वेगळी टाकी सापडली नाही.

सापडलं ते याहून विलक्षण होतं. तहानलेल्या उंटाचं अंग पहाटे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरायचं आणि दुपारी ४० च्या वर चढायचं. दिवसभराची उष्णता तो अंगात मुरू देतो आणि गार रात्री सोडून देतो. घाम गाळून अंग थंड ठेवायचं म्हटलं, तर रोज चार-पाच लिटर पाणी जादा खर्ची पडलं असतं. लोकर कातरलेल्या उंटाला जवळपास दीडपट घाम आला, म्हणजे ती दाट लोकर उन्हापासूनचा आडोसाच आहे. वजनाच्या पाव हिश्श्याएवढं पाणी गमावूनही उंट तग धरून राहिला. ही तूट रक्तावर फारशी पडत नाही, शरीराच्या इतर भागांतलं पाणी कमी होतं आणि रक्त वाहतं राहतं. तापल्या उन्हात माणसाचं रक्त घट्ट होत जातं आणि साधारण निम्म्या तुटीवरच तो दगावतो. एक उंट तर दहाएक मिनिटांत शंभर लिटरहून अधिक पाणी प्यायला. ते पुढच्या प्रवासासाठी साठवलेलं नव्हतं, झालेली तूट भरून काढली होती.

पण उंटाचं मूळ गाव वाळवंट नव्हे. हे कूळ उत्तर अमेरिकेतलं, सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीचं, आणि त्यातले आरंभीचे प्राणी सशाएवढे होते. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी काही जण तेव्हा अलास्का आणि सायबेरिया जोडणाऱ्या बेरिंगच्या भूपट्टीवरून आशियात आले, दुसरी शाखा पुढे दक्षिणेत जाऊन लामा आणि अल्पाका झाली. माहेरी राहिलेले गेल्या हिमयुगाच्या अखेरीस संपले.

२०१३ साली नताल्या रिबचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या एल्समेअर बेटावरचा शोध जाहीर केला. त्यांना पायाच्या हाडाचे तीसेक तुकडे मिळाले होते. हाडातल्या कोलॅजन या प्रथिनावरून ओळख पटली : सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वीचा, आजच्याहून तीसेक टक्के मोठा उंट. तिथे तेव्हा सूचिपर्णी जंगल होतं, हिवाळ्यात बर्फ आणि महिनोन्‌महिने काळोख. मदार ही लांबलचक हिवाळ्याची शिदोरी असावी आणि पसरट पाय बर्फात न रुतण्यासाठी असावेत, असा तर्क त्यातून निघाला. मला तो पटतो. चरबी एकाच जागी गोळा झाल्यामुळे बाकीच्या अंगावर उष्णता कोंडणारा थर राहत नाही, आणि पसरट पाय बर्फाइतकाच वाळूतही चालतो. थंडीची तयारी उन्हात कामी आली. गोबीतला दोन मदारींचा रानटी उंट आजही गोठवणारा हिवाळा काढतो आणि बर्फ खाऊन तहान भागवतो.

कच्छच्या किनाऱ्यावर तर उंट आणि वाळू ही सांगडच सुटते. तिथले खराई उंट भरतीच्या पाण्यात पोहत खारफुटीच्या बेटांवर चरायला जातात. फकिराणी जत आणि रबारी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. २०१५ साली त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. मिठागरांसाठी बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की खारफुटी उभ्याउभ्या वाळते, आणि पाळणाऱ्यांना कळपासाठी दुसरी खाडी शोधावी लागते.