पडदा जाळून नजर वाचवण्याची गोष्ट

मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होतो, हे आज कोणीही सांगेल. डॉक्टरमंडळींचं त्यावर एकमत व्हायला मात्र जवळजवळ नव्वद वर्षं गेली. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झचा ऑफ्थॅल्मोस्कोप आला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ दिसू लागला. त्यानंतर काही वर्षांतच व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरने एका मधुमेहीच्या पडद्यावरचे बदल नोंदवले. बर्लिनचा अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे हा त्या काळचा नेत्रवैद्यकातला सर्वांत वजनदार माणूस. त्याला मधुमेहाशी असलेला हा संबंध मान्य नव्हता. पुढे लंडनच्या नेटलशिपने १८७२ मध्ये पुरावे मांडले, तरी बरेच जण खापर रक्तदाबावर आणि कडक झालेल्या धमन्यांवरच फोडत राहिले. ग्लासगोच्या बॅलंटाइनने केशवाहिन्यांच्या भिंतींतले बदल दाखवले, ते १९४३ मध्ये.

मधल्या काळात इन्शुलिन आलं होतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिली इंजेक्शनं दिली गेली. त्याआधी मधुमेह झालेली मुलं एक-दोन वर्षांत दगावत. पडदा बिघडायला तेवढा काळच मिळत नसे. इन्शुलिनवर ती जगली, मोठी झाली, आणि पंधरा-वीस वर्षांनी डोळे आणि मूत्रपिंडं तक्रार करू लागली. १९३६ मध्ये किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेह्यांच्या मूत्रपिंडातल्या गाठी दाखवल्या. अवयव वेगळे, पण दोन्हीकडे घाव बारीक रक्तवाहिन्यांवरच.

पडद्यावर होतं ते असं. केशवाहिनीला बाहेरून बिलगून असलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी मरतात. भिंतीला बारीक फुगवटे येतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं. काही वाहिन्या बंदच पडतात. मग रक्ताला आसुसलेला पडदा नव्या वाहिन्या उगवायला लावतो. त्या इतक्या कच्च्या असतात की सहज फुटतात. तोवर रुग्णाला अनेकदा काहीच जाणवत नाही, हीच यातली खरी लबाडी.

उपचारांचा इतिहास जरा अंगावर येणारा आहे. १९५३ मध्ये डेन्मार्कच्या पॉलसनने एका बाईची हकिकत छापली: बाळंतपणानंतर तिची मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी निकामी झाली आणि डोळे सुधारले. तेवढ्या धाग्यावर पुढची पंधराएक वर्षं अनेकांची ती ग्रंथीच काढली किंवा नष्ट केली गेली. नजर वाचवायची, तर जन्मभर हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या.

दुसरी वाट सूर्याकडून आली. १९४५ च्या सूर्यग्रहणात पडदा भाजलेला एक विद्यार्थी जर्मन डॉक्टर मेयर-श्विकेराथ यांनी तपासला. त्या डागाने त्यांना सुचवलं, की प्रकाशाने मुद्दामही भाजता येईल. आधी आरशांनी वळवलेलं ऊन, मग झेनॉनचा दिवा, मग लेसर. मधुमेहात हे चालतं का, यावर एकवाक्यता नव्हती. १९६८ मध्ये अमेरिकेत एअरली हाऊस इथे तज्ज्ञ जमले, आणि पुढे मोठी चाचणी उभी राहिली: रुग्णाच्या एका डोळ्याला लेसर किंवा झेनॉनचा प्रकाश, दुसरा तसाच. १९७६ मध्ये निकाल आला. या भाजण्याने नजर गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. कडेचा पडदा जाळला की प्राणवायूची मागणी घटते आणि नव्या वाहिन्या आकसतात. बदल्यात बाजूची आणि रात्रीची नजर थोडी जाते.

पडदा नव्या वाहिन्यांना हाक देतो ती कशाने? असा एखादा पदार्थ असावा, असं मायकेलसनने १९४८ मध्येच मांडलं होतं. १९८९ मध्ये व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं करता आलं, आणि १९९४ मध्ये ते मधुमेह्यांच्या डोळ्यातल्या द्रवात वाढलेलं सापडलं. आज डोळ्यात देतात ती इंजेक्शनं ह्याच प्रथिनाला अडवतात. मधल्यामध्ये, १९९३ मध्ये, टाइप १ च्या, म्हणजे शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही अशा मधुमेहाच्या, १,४४१ रुग्णांवरच्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीने साखर काटेकोर ठेवली तर हा आजार मुळातच बराच टळतो हे दाखवलं होतं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा निकाल तोच, जरी कौतुक लेसरचं जास्त झालं.

पडद्याच्या मध्यावर सूज येऊन नजर उतरली, तर आता बहुधा आधी इंजेक्शनच दिलं जातं. पण ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. त्यामुळे नव्या वाहिन्या उगवलेल्या आणि दर खेपेला येणं न जमणाऱ्या रुग्णाला डॉक्टर अजूनही लेसरच सुचवतात.