आठ हजार फुटांवरची खुर्ची

लांब पल्ल्याच्या विमानप्रवासात इकॉनॉमी वर्गातील प्रवाशांची पहिली तक्रार पाय ठेवायच्या जागेबद्दल असते आणि ती रास्तच आहे; परंतु दहा-बारा तासांनी विमानातून उतरताना अंगात जो शीण भरलेला असतो, त्यात खुर्चीइतकाच वाटा केबिनमधल्या हवेचा असतो. पस्तीस-चाळीस हजार फुटांवर बाहेरची हवा श्वास घेण्याजोगी नसते, म्हणून केबिनमध्ये ती दाबून भरावी लागते. हा दाब जमिनीवरच्याइतका ठेवता येत नाही, असे नाही. पण मग प्रत्येक उड्डाणात विमानाच्या कवचावर अधिक ताण पडेल, ते अधिक जाड व जड करावे लागेल आणि इंधनही अधिक जळेल. यावरची तडजोड म्हणून केबिनमधला दाब सुमारे ८,००० फूट, म्हणजे २,४०० मीटर उंचीवरच्या दाबापर्यंत कमी होऊ दिला जातो.

याचा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो. विमान उंचीवर असताना रिकामी प्लास्टिकची बाटली झाकण घट्ट लावून ठेवली, तर उतरताना ती हळूहळू चेपत जाते, कारण आत अडकलेली विरळ हवा बाहेरच्या वाढत्या दाबापुढे टिकत नाही. चढताना याच्या उलट घडते आणि ते आपल्या पोटात घडते: तिथला वायू जवळजवळ एक तृतीयांशाने फुगतो. त्यामुळे प्रवासापूर्वीचे जड जेवण आणि फसफसणारी पेये टाळावीत, हा सल्ला थेट बॉइलच्या नियमावर, म्हणजे दाब कमी झाला की वायूचे आकारमान वाढते या तत्त्वावर, आधारलेला आहे.

दाब उतरला की रक्तातला प्राणवायूही कमी होतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५०२ स्वयंसेवकांना कृत्रिम केबिनमध्ये वेगवेगळ्या उंचीच्या दाबांखाली बसवले गेले. ८,००० फुटांच्या दाबाखाली त्यांच्या रक्तातील प्राणवायूची पातळी सरासरी ४.४ टक्के अंशांनी घसरली आणि ७,००० ते ८,००० फुटांच्या दाबाखाली तीन ते नऊ तासांनंतर अस्वस्थतेच्या तक्रारी वाढल्या. निरोगी माणसाला ही घट धोक्याची नसली, तरी ती जाणवते.

म्हणूनच तिकीट घेताना भाड्याच्या शेजारी लिहिलेला विमानाचा प्रकार अवश्य पाहावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. २०११ पासून प्रवासी सेवेत असलेले बोइंग ७८७ आणि २०१५ पासूनचे एअरबस ए३५० यांच्या कवचात कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा मोठा वापर आहे. हे कवच वारंवारच्या ताणाने धातूसारखे थकत नाही, म्हणून या विमानांतील दाब सुमारे ६,००० फुटांच्या पातळीवर ठेवता येतो. शिवाय ते गंजत नसल्यामुळे हवेत थोडा अधिक ओलावाही राहू देता येतो. मात्र रुंदीचा हिशेब वेगळा करावा लागतो. बोइंग ७७७ मध्ये पूर्वी एका ओळीत नऊ आसने असत आणि आता अनेक कंपन्या दहा बसवतात, म्हणजे तेवढ्याच केबिनमध्ये प्रत्येकाची खुर्ची इंचभर अरुंद होते. दोन उड्डाणांच्या भाड्यांत थोडाच फरक असेल, तर तो फरक जादा सामानापेक्षा किंवा महागड्या उशीपेक्षा चांगल्या विमानावर खर्च करणे अधिक फायद्याचे ठरते.

केबिनमधील आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्याही खाली असते. त्याने शरीरातील पाणी झपाट्याने आटते, अशी समजूत आहे, पण प्रत्यक्षात कोरडे पडतात ते मुख्यतः नाक, घसा आणि डोळे. अधूनमधून पाणी प्यावे, कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा वापरावा, एवढे पुरेसे आहे. इंजिनाच्या सततच्या आवाजात गोड व खारट चव मंद लागते, हेही प्रयोगांत आढळले आहे. जेवण बेचव वाटण्याचा सगळा दोष स्वयंपाक्याचा नसतो.

झोपेसाठी मद्य घेण्याची सवय मात्र गंभीरपणे सोडून द्यावी. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात निरोगी व्यक्तींना मद्य देऊन केबिनइतक्या कमी दाबात झोपवले, तेव्हा त्यांच्या रक्तातील प्राणवायूची पातळी ८५ टक्क्यांच्या आसपास उतरली आणि झोपेतही नाडीचे ठोके मिनिटाला ८८ च्या घरात राहिले. झोप मोडण्याचे आणखी एक कारण मानेत असते: स्वप्ने पडतात त्या निद्रावस्थेत मानेचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडतात आणि डोके पुढे किंवा बाजूला कलंडते. मानेभोवतीच्या उशीचा जाड भाग हनुवटीखाली येईल अशी ती फिरवून घातली, तर डोक्याला खरा आधार मिळतो.

आता पायांविषयी. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात आणि शिरांमधले रक्त वर ढकलतात. तासन्‌तास बसून राहिले की हे काम थांबते, आणि खुर्चीची कड गुडघ्यामागे रुतत असेल तर प्रवाह आणखी मंदावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासानंतर शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, तरी निरोगी व्यक्तीसाठी तो सुमारे सहा हजारांत एक इतकाच राहतो. हा धोका केवळ विमानाचा नाही; बस, रेल्वे व मोटारीच्या लांबच्या प्रवासातही तो असतो. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, गर्भवतींनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे. इतरांनी घोटे वर-खाली हलवत राहावे आणि तास-दोन तासांनी उठावे. खिडकीजवळ बसणारे शेजाऱ्यांना उठवायचे टाळतात आणि कमी हलतात, म्हणून दिवसाच्या उड्डाणासाठी वाटेलगतची जागा बरी. ज्यांचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, त्यांनी छोटी पिशवी पायांखाली घेतली, तर मांड्यांवरचा दाब लगेच उतरतो.

राहिला प्रश्न वेळेच्या फरकाचा. शरीराचे घड्याळ प्रामुख्याने प्रकाशाने सरकते, पण तो कधी मिळतो यावर दिशा ठरते. सकाळी सातला उठणाऱ्या माणसाचे शरीराचे तापमान पहाटे साडेचारच्या सुमारास सर्वांत खाली जाते. त्यानंतरचा प्रकाश घड्याळ पुढे नेतो आणि त्याआधीचा मागे ढकलतो. पूर्वेकडे आठ तासांचा फरक ओलांडला, तर हा क्षण नव्या ठिकाणी दुपारी साडेबाराला येतो. तिथे उतरल्यावर पहाटेपासून उन्हात फिरल्यास घड्याळ हवे तसे पुढे जाण्याऐवजी नेमके मागे सरकते. त्यामुळे पहिल्या दिवशी सकाळी गडद चष्मा घालावा, दुपारनंतर मात्र भरपूर उजेडात राहावे आणि पुढे उजेडात जाण्याची वेळ रोज सुमारे तासाभराने अलीकडे आणावी.