तांब्याचा प्रकल्प: पद्धत कोणती, कारखाना केवढा

ताम्रखाणीच्या अहवालात हे दोन प्रश्न वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. प्रत्यक्षात त्यांची उत्तरे गेली सव्वाशे वर्षे एकमेकांना बांधलेली आहेत.

एकोणिसाव्या शतकात तांबे काढायचे म्हणजे श्रीमंत शिरा शोधायच्या, दगड हाताने निवडायचा आणि थेट भट्टीत घालायचा. ही रीत मोडली ती यूटामधल्या बिंगहॅम कॅन्यनमध्ये. तिथल्या डोंगरभर विखुरलेल्या धातुकात तांबे जेमतेम २ टक्के होते. १८९९ मध्ये अभियंते डॅनियल जॅकलिंग आणि रॉबर्ट गेमेल यांनी अहवालात मांडले की एवढ्या हलक्या मालावरही नफा होतो, फक्त रोजचे टनेज प्रचंड हवे. १९०३ मध्ये कंपनी उभी राहिली, पुढच्या वर्षी कॉपरटनला चाचणी-गिरणी चालू झाली आणि १९०६ पासून वाफेची फावडी डोंगर उतरवू लागली. ‘मोठे तेच परवडते’ हा या धंद्याचा स्वभाव तिथे घडला.

पण गिरणी दळलेल्या मालातले जड कण गुरुत्वाकर्षणाने वेगळे करणारी होती. दळताना झालेली बारीक पूड पाण्याबरोबर निघून जाई आणि तांब्याचा साधारण तिसरा हिस्सा कचऱ्यात जाई. ही गळती थांबवली फेनतरणाने, म्हणजे दळलेल्या मालात हवेचे बुडबुडे सोडून खनिजाचे कण फेसावर तरंगवण्याने. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला जस्तासाठी ते १९०५ च्या सुमारास रुळले, पहिल्या महायुद्धाच्या आसपास तांब्याकडे आले आणि १९२५ मध्ये झँथेट हे कण बुडबुड्यांना चिकटवणारे (संग्राहक) रसायन मिळाल्यावर पक्के झाले. आजही मांडणी तीच आहे: धातुक साधारण १५० ते २०० मायक्रॉनपर्यंत दळायचे, चुन्याने पीएच ११ च्या आसपास ठेवून पायराइट (तांबे नसलेले लोखंड-गंधकाचे खनिज) फेसात येण्यापासून दाबायचा, पहिला फेस पुन्हा बारीक दळून स्वच्छ करायचा. ०.६ टक्के तांब्याच्या एक टन धातुकातून ९० टक्के उतारा (तांब्याचा हाती येणारा हिस्सा) धरला तर २८ टक्के तांब्याचे संहत धातुक (फेसातून वेचलेला माल) मिळते फक्त १९ किलो. उरलेले ९८१ किलो टेलिंग्ज, म्हणजे टाकाऊ गाळ, धरणात जाते. म्हणून फेनतरणाचा कारखाना लहान ठेवणे सहसा महागात पडते: दळणाची वीज, पाणी, धरण आणि स्मेल्टरपर्यंतची (तांबे वितळवणाऱ्या भट्टीपर्यंतची) वाहतूक हा बोजा थोड्या टनांवर पेलत नाही.

हे झाले सल्फाइड, म्हणजे गंधकयुक्त धातुकाचे. ऑक्साइड धातुकाची गोष्ट निराळी. त्यातले मॅलाकाइट किंवा क्रिसोकोला हे खनिज साध्या झँथेटने नीट तरत नाही, मात्र सौम्य सल्फ्युरिक आम्लात विरघळते. चिलीतल्या चुकिकामाताला १९१५ मध्ये मोठ्या हौदांत आम्ल-अपक्षालन करून (आम्लात तांबे विरघळवून) विद्युत अपघटनाने तांबे काढायला सुरुवात झाली. द्रावण फारसे शुद्ध वा घट्ट नसेल तिथे मात्र भंगार लोखंडावर तांबे बसवण्याचा जुना मार्गच उरे. त्यात किलोभर तांब्याला हिशेबाने ०.८८ किलो लोखंड पुरायला हवे, प्रत्यक्षात दीड-दोन किलो सहज खपते, आणि हाती येते ते अशुद्ध चूर्ण, म्हणजे पुन्हा भट्टीच.

ही कोंडी १९६८ मध्ये ॲरिझोनातल्या ब्लूबर्ड खाणीवर फुटली. केरोसीनमध्ये मिसळलेले एक नवे सेंद्रिय रसायन पातळ द्रावणातून तांबे तेवढे उचलू लागले, आणि ते विद्युत अपघटनाला देता येऊ लागले. शिवाय या अपघटनात दर टन तांब्यामागे सुमारे दीड टन आम्ल परत मिळते. खाणीच्या दारातच जवळजवळ शुद्ध कॅथोड (तांब्याचा पत्रा) तयार होऊ लागला, स्मेल्टरची गरज संपली आणि वर्षाला काही हजार टनांचा छोटा कारखानाही परवडू लागला. जॅकलिंगच्या तर्काला पहिला खरा अपवाद हाच.

अपवादालाही अटी आहेत. इथे फोडलेल्या दगडाचा ढीग रचून त्यावर आम्ल शिंपडतात. खडकात कॅल्साइट असेल तर दर १ टक्क्यामागे टनाला सुमारे १० किलो आम्ल नुसते जळते. चिकणमाती असेल तर ढिगात पाणी मुरत नाही, वाटा धरून निसटते. चॅल्कोपायराइट (तांब्याचे सल्फाइड खनिज) तर साध्या ढिगात फार हळू विरघळतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर थर धरतो आणि विक्रिया मंदावते. म्हणून एकूण तांब्याचा आकडा एकटा निरुपयोगी आहे. आधी आम्लात, मग सायनाइडमध्ये विरघळणारे आणि शेवटी उरलेले, असे तीन भागांत विश्लेषण हवे. ऑक्साइड व सल्फाइड मिसळलेल्या एकाच सरासरी नमुन्यावर चाचणी घेणे ही नेहमीची चूक. तसा दगड खाणीत कुठेच नसतो. प्रयोगशाळेच्या बाटलीत बारीक पुडीवर मिळालेला उताराही ढिगाला लावायचा नाही. त्यासाठी ढिगात जाईल त्याच आकाराच्या खडीवर उंच स्तंभात काही महिने चाचणी लागते.

आकारासाठी १९७० च्या दशकातला एच. के. टेलर यांचा ठोकताळा अजून वापरात आहे: साठ्याच्या दशलक्ष टनांचे चौथे मूळ गुणिले ६.५ म्हणजे खाणीचे आयुष्य. १० कोटी टनांना सुमारे २० वर्षे येतात, म्हणजे दिवसाला साधारण १४ हजार टन. त्याला भांडवलाचा ०.६ घातांकाचा नियम जोडतात. क्षमता दुप्पट केली की खर्च दीडपटच होतो. हा दीडपट आकडा फार मोहात पाडतो. कठीण दगड लागला की तीच गिरणी ठरल्यापेक्षा कमी टन दळते आणि हिशेब कोसळतो. त्यामुळे बाँड यांचा दळण-निर्देशांक (टनभर दगड दळायला किती वीज लागते ते सांगणारा) प्रत्येक खडकप्रकारासाठी वेगळा मोजावा लागतो, एकाच सरासरीने भागत नाही.

शिवाय साठा वरून खाली बदलत जातो: वर ऑक्साइड, मध्ये चॅल्कोसाइट (तांबे भरपूर असलेले सल्फाइड), खाली चॅल्कोपायराइट. चुकिकामाताला सल्फाइडचा कारखाना १९५२ मध्ये आला. पेरूतल्या सेरो व्हेर्देला १९७७ मध्ये अपक्षालन सुरू झाले आणि दिवसाला लाखभर टनांची फेनतरण गिरणी थेट २००६ मध्ये. असा प्रकल्प आखताना खालच्या थराच्या कारखान्याची जागा, पाण्याचा हक्क आणि धरणाची दरी पहिल्याच नकाशात राखून ठेवतात. वरचा ऑक्साइड संपल्यावर कॅथोडचे टाकीघर (विद्युत अपघटनाच्या टाक्यांची इमारत) रिकामे पडू नये म्हणून चॅल्कोसाइटचा माल कधी ढिगात आणि कधी गिरणीत घालायचा, हेही त्याच वेळी ठरवतात.